राळ ऐकू आली पाहिजे

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त माणसाच्या घरी काम पाहुण्यासारखं येतं आणि पाहुण्यासारखंच मग हलत नाही. आज ते खोक्यांतून आलं. व्हायोलिनच्या बाईंची सून खोकी घेऊन दारात उभी होती, म्हणे केव्हाची बेल वाजवतेय. मी दाराला लागून असलेल्या खुर्चीतच बसलो होतो. बेल बिघडली असणार. शेवटी ही आतून हात पुसत आली आणि हिने दार उघडलं.

बाईंनी क्लास बंद केला. बोटं आखडली, गज धरवत नाही. क्लासचा दर वर्षीचा कार्यक्रम मी रेकॉर्ड करायचो, माझा स्टुडिओ होता तोवर. शेवटी बाई स्वतः वाजवायच्या. त्या सगळ्या सीडी या खोक्यांत आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. सुनेला कपाट मोकळं हवंय, बाईंना आपलं वाजवणं राहायला हवंय. आता त्यांच्या हातून पुन्हा काही वाजणार नाही, त्यामुळे जे आहे ते एवढंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुने विद्यार्थी त्यांना भेटायला जमणार आहेत. तेव्हा सगळे कार्यक्रम पेनड्राइव्हवर घालून एकेकाच्या हातात द्यायचे, असं ठरलंय.

"आई म्हणाल्या, हे काम कानसेनांशिवाय कुणाला द्यायचं नाही," सूनबाई म्हणाली. हल्लीच्या मुली बोलतात ते तोंडातल्या तोंडात. हिने मला मोठ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

कानसेन हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वाजवणारे गल्लोगल्ली मिळतात, ऐकणारा एखादाच, असं म्हणायच्या. तेवढ्या एका शब्दावर मी खोकी आत घेतली. कंबर धरली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम सुरू. सीडीची प्रत काढणं म्हणजे लोकांना वाटतं, खाचेत सरकवली आणि बटण दाबलं. तशीही निघते. पण ओरखडा आला की ड्राइव्ह आपल्या मनाचं काहीतरी भरून पुढे जातो आणि तुम्हाला सांगतही नाही. मी वापरतो तो प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो. दोन्ही वेळा तेच आलं तर पुढे, नाहीतर पुन्हा पुन्हा. शेवटी त्या फाईलचा एक आकडा निघतो. तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा वाचायची. आकडा जुळला की प्रत पक्की. एक कण इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो. एकेका सीडीत अर्धी सकाळ जाते आणि मान अवघडते.

पुसायचीही रीत आहे. मऊ फडकं, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसणाऱ्याला मी स्टुडिओत उभं करत नसे.

ही येऊन शेजारी बसली. हल्ली नेहमी डावीकडेच बसते. विचारलं तर म्हणाली, "इकडे उजेड बरा आहे." मग म्हणाली, "मलाही शिकवा ना हे." इतकी वर्षं या खोलीत केर काढण्यापुरतं पाऊल टाकलं आणि आता शिकायचंय! बरं, शिकवलं.

"ही फ्लॅक आणि ती एमपीथ्री, यात फरक काय?"

"बॅगेत कपडे मावत नाहीत म्हणून बाह्या कापून टाकायच्या, ती एमपीथ्री. नीट घडी घालून बसवायचे, ती फ्लॅक. उघडलं की सदरा जसाच्या तसा."

"मग घडीच बरी," म्हणाली आणि आकडे कसे जुळवायचे, फाईल दुसरीकडे कशी ठेवायची, तेही खोदून खोदून विचारलं. नोंदणी कार्यालयात नोकरी केलेली बाई. नक्कल काढल्याशिवाय कागद हातचा जाऊ द्यायचा नाही, ही तिथली शिस्त अजून गेलेली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं खोकं संपत आलं. आकडे सगळे जुळले. म्हणून आज हेडफोन लावून निवांत ऐकायला बसलो आणि चरकलोच.

राळ नाही.

हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल म्हातारा चळला. व्हायोलिनच्या गजाला राळ घासतात, त्याशिवाय तार बोलत नाही. गज तारेला टेकतो त्या क्षणी, सूर निघायच्या आधी, राळेची अगदी बारीक सळसळ होते. रेकॉर्डिंगमध्ये ती सहसा येत नाही. बाईंच्या पहिल्या कार्यक्रमाला मी माइक हलवत हलवत सगळी दुपार घालवली, तेव्हा ती सापडली. शेवटच्या संथ तुकड्यात बाई प्रत्येक ओळीआधी थांबतात, आणि प्रत्येक वेळी सुराआधी ती सळसळ. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो तशी. मधे एका ठिकाणी तर त्यांचा गज चुकून तारेला टेकला आणि लगेच उचलला. सूर नाहीच, नुसती राळ. मी म्हटलं होतं, "एवढं कापून टाकू." बाई म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही माझा हात रेकॉर्ड केलाय, कानसेन. हात चुकणारच." ती गोष्ट त्यांना माहीत आणि मला. हिलासुद्धा कधी सांगितली नाही. स्टुडिओतलं घरी आणायचं नाही हा माझाच नियम.

जन्मभर इतकी कामं केली, पण अभिमान वाटावा असं मला एवढंच वाटतं.

आता फाईल लावली तर थांबणं आहे, सूर आहे, मधलं काही नाही. व्हायोलिनवर कुणी रजई टाकलीय जणू. चुकून टेकलेल्या गजाच्या जागी तर निव्वळ शांतता आहे. काहीतरी मोठं चुकतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ड्राइव्हच्या काचेवरची धूळ काढली. केबल बदलली. लेकीकडून तिचा जुना ड्राइव्ह मागवून घेतला. तीन ड्राइव्ह आणि तिघांचा आकडा एकच. म्हणजे तिघं मिळून एकच खोटं बोलतायत. सीडी थेट ड्राइव्हवरून वाजवली, तरी तोच रजईतला आवाज.

पुन्हा पहिल्यापासून. जीव कंटाळून गेलाय.

समोरच्या झाडावर यंदा पक्षी फिरकलेच नाहीत. पूर्वी सकाळी इतका कालवा असायचा की खिडकी लावून घ्यावी लागे. या शहरात आता काही उरलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिच्या कानात घुं घुं होतंय म्हणे. शुक्रवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. "तुम्ही सोबत चला, मला एकटीला भीती वाटते." जी बाई दात काढायला एकटी जाऊन येताना भाजी घेऊन आली, तिला कानाची भीती! पण जाईन. वयाने एकेक करून सगळंच कुरकुरायला लागतं, आणि हिची पाळी आधी आली याचं मला वाईट वाटलं. बिचारी.

मी दुपारी आडवा होतो तेव्हा ही कॉम्प्युटरवर बसते. पत्ते खेळत असेल. खेळू दे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. हिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "काका, आलाच आहात तर तुमचेही कान बघून टाकू. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "पोरी, या कानांनी तुझ्या जन्माआधीपासून लोकांचे सूर तपासलेत."

त्या हसल्या. ही पर्सची चेन उघडत-लावत होती.

हिचे कान उत्तम आहेत. तरण्या मुलीसारखे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग घुं घुं कसली? विचारलं तर म्हणे, "थांबली आपोआप." बायकांचं काही कळत नाही. एक सकाळ फुकट गेली. येताना हिने भाजीसुद्धा घेतली नाही, उन्हाने दमली असेल.

२ मार्च, रविवार

आता सुचलं. सीडीच झिजल्या आहेत. घरी राइट केलेल्या सीडीतला रंग काळाने फिका पडतो हे सर्वांना माहीत आहे. आधी बारीक, वरचे सूर गेले असणार. नाजूक तेच आधी जातं.

हेही लिहून ठेवतो, की शिकाऊ मुलांना मीच सांगायचो, सीडीवर आकडे असतात आणि आकडा कापडासारखा विरत नाही, तो एकतर वाचता येतो किंवा येत नाही. तसं असेल. पण पुस्तकातलं वेगळं आणि कानाला येतं ते वेगळं. माझा माझ्या कानांवर विश्वास आहे.

मग उपाय सोपा आहे. गेलेले वरचे सूर उचलायचे. ट्रेबल चढवत चढवत गेलो. बराच वर नेल्यावर अंधुकशी सळसळ आली. आणखी वर नेलं. आली! चुकून टेकलेला गजसुद्धा आला. डोळ्यांत पाणीच आलं. स्क्रीनवर आलेख दिसतो आणि तो म्हणे फार चढलाय, पण आलेख बघून मिक्सिंग करणाऱ्यांची जात वेगळी. आम्ही ऐकून करतो.

आता सगळ्या फाईलींना असंच करावं लागणार. हातात जेमतेम महिना आहे.

६ मार्च, गुरुवार

रोज तेच. लाव, ऐक, चढव, ऐक. खुर्चीतून उठलो की गुडघे आधी वाजतात, मग मी उठतो.

जागा कमी पडत होती म्हणून पहिल्या मुक्या फाईली पुसून टाकल्या. बाईंच्या सुनेला फोन करून सांगितलं, सीडी आता निकामी आहेत, परत पाठवतोय, टाकून द्या. तिला आनंदच झाला. तिच्या माणसाने संध्याकाळी खोकी नेली आणि ती परस्पर भंगारात गेली म्हणे.

जेवताना हिला सांगितलं. हिचा घास हातात राहिला. "टाकायलाच सांगितलंत?"

"मग काय पुजायच्या?"

"आणि पहिल्या फाईली?"

"पुसल्या."

हिचा चेहरा असा उतरला, जणू हिच्याच माहेरच्या सीडी होत्या.

९ मार्च, रविवार

लेक आली होती. म्हटलं, चल, हे ऐक, तुझ्या बापाने काय परत आणलंय. हेडफोन चढवला तिने आणि लगेच ओरबाडून काढला.

"बाबा! टोचतंय हो हे!"

"काय टोचतंय?"

"कानात सुई घातल्यासारखं वाटतं. आई, तू ऐकलंस का?"

ही म्हणाली, "चहा गार होतोय तुझा."

दिवसभर फोनवरचं स्वस्तातलं ऐकणाऱ्या पिढीला खरा आवाज टोचणारच. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. माझ्याच घरात माझ्यापासून चोरून. मला काय, कुजबुजा म्हणावं.

१४ मार्च, शुक्रवार

स्पीकरवर शेवटचा तुकडा लावला तर खालच्या मजल्यावरचं कुत्रं गळा काढून रडायला लागलं. त्याचा मालक वर आला. भला माणूस आहे, पण हातवारे करून काहीतरी पुटपुटत राहिला. हिने बाहेर जाऊन त्याची समजूत घातली. कुत्र्याला संगीत शिकवायची जबाबदारी माझी नाही.

फार थकवा येतोय. झोप झाली तरी जात नाही. ऐकून ऐकून थकवा येतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

पुरा झालेला पहिला पेनड्राइव्ह घेऊन बाईंकडे गेलो. घरात पुसटसा पॉलिशचा वास, भिंतीला व्हायोलिन टांगलेलं, तारा उतरवलेल्या. बाई खिडकीशी बसल्या होत्या, बोटं एकमेकांत अडकलेली, जशी आता राहतात तशी. सुनेने फाईल लावली.

मी त्यांच्याकडे बघत होतो. आत्ता म्हणतील, हात ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले, मग कपाळावर आठी आली, मग सुनेला खूण करून बंद करायला लावलं.

"कानसेन," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा बोलतात. "हे मी वाजवलंय?"

"तुमचंच आहे, बाई. पहिला कार्यक्रम."

"पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतंय मला. मी इतकं वाईट वाजवत होते का?"

मी म्हटलं, तुमचा स्पीकर बरा नाही. त्या म्हणाल्या, "असेल." आणि मग चहा आला आणि आम्ही दुसरंच बोलत बसलो. निघताना त्यांनी दोन्ही हातांत माझा हात घेतला. बोटं वळत नाहीत, नुसते तळवे दाबले.

रस्ताभर डोक्यात तेच होतं. नव्वदीला आलेल्या बाईला मी वाटायला लावलं की तिने आयुष्यभर वाईट वाजवलं.

२१ मार्च, शुक्रवार

स्पीकरच वाईट होता. दुसरं काय असणार?

नाचता येईना अंगण वाकडं, असं लेक फोनवर म्हणाली. स्पीकरला म्हणाली की मला, ते कळलं नाही. फोन हिच्याकडे दिला.

२३ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहितो.

सकाळचा चहा झाल्यावर हिने कपाट उघडलं. चादरींच्या घडीतून छोटी हार्ड डिस्क काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"तुमच्या पहिल्या प्रती. सगळ्या आहेत."

मी म्हटलं, "मी पुसल्या होत्या."

"त्याआधीच मी ठेवल्या. तुम्ही दुपारी आडवे व्हायचात तेव्हा. तुम्हीच शिकवलंत की."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग फार आला. माझ्या कामावर माझ्याच बायकोने पहारा ठेवला! म्हटलं, "कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला?" ती म्हणाली, "कुणी नाही." मग म्हटलं, बघू तरी. फाईलींचे आकडे काढले. पहिल्या दिवशीचे दोन्ही ड्राइव्हचे आकडे प्रोग्रॅमने जपून ठेवलेले असतात, त्यांच्याशी लावून बघितले. एकूण एक जुळले. ही प्रत म्हणजे सीडीवर होतं तेच, कणाचाही फरक नाही.

"जुळणारच," मी म्हटलं. "पण यात राळ नाही. म्हणून तर पुसल्या."

"आहे."

"नाही, अगं. मी आजच ऐकतोय का हे?"

"आहे हो. मला येते ऐकू." ती नेहमीसारखी डावीकडे येऊन बसली. "तुम्ही लावा. ती बारीक खसखस येईल तिथे मी बोट वर करते. चुकले तर सांगा."

शेवटचा संथ तुकडा लावला. हेडफोन तिला दिला, मी स्पीकरजवळ कान नेऊन बसलो. मला तो तुकडा तोंडपाठ आहे. कुठे गज उचलला, कुठे टेकला, कुठे न उचलताच दुसरी ओळ घेतली, सगळं. पहिलं थांबणं आलं. तिचं बोट वर गेलं आणि मग सूर आला. आधी बोट, मग सूर. दुसऱ्यांदाही तसंच. जिथे बाई गज न उचलता पुढे जातात तिथे सूर आला, पण बोट मांडीवरच राहिलं. मी म्हटलं, योगायोग.

मग ती जागा आली, जिथे गज चुकून टेकला होता. मला नुसती शांतता ऐकू येत होती. सूर नाही, काही नाही. हिला त्या जागेचं काहीच माहीत नव्हतं, हे मी याच वहीत लिहून ठेवलंय.

हिचं बोट वर गेलं. सूर आलाच नाही तेव्हा ती जरा गोंधळली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "इथे नुसतीच आली. चुकले का हो?"

मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे."

नंतरचं मला नीट आठवत नाही. बंद कुणी केलं तेही आठवत नाही. मी तोंडावर हात घेऊन रडलो एवढं खरं. ड्राइव्ह खोटं बोलत नव्हते, सीडी झिजल्या नव्हत्या, स्पीकर बरा होता, लेक बरोबर होती, कुत्रंसुद्धा बरोबर होतं. खराब झालेली वस्तू एकच होती आणि मी तिच्यानेच सगळं तपासत बसलो होतो.

बऱ्याच वेळाने विचारलं, "केव्हापासून?"

"झाली असतील दोन वर्षं. उजवा जास्त."

म्हणून डावीकडे. उजेडाचा काही संबंधच नव्हता.

"आणि तुझी ती घुं घुं?"

"ती आपली अशीच."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तीनदा," ही म्हणाली. "तुम्ही चिडलात. मग म्हटलं, यांचं एवढं एकच तर आहे, आपण कशाला हिसकावून घ्यायचं? ज्या दिवशी गेलं असं त्यांनाच कळेल, तेव्हा बरोबर असू आपण." मग पदराने माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "पण सीडी भंगारात गेल्या ना, तेव्हा मी घाबरले हो."

२४ मार्च, सोमवार

आज काही नाही. दिवसभर पडून होतो.

२८ मार्च, शुक्रवार

काचेच्या खोलीत मी बसलो. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. खालचे सूर आले तोवर ठीक. मग बराच वेळ काही वाजलंच नाही. मी काचेतून बघत होतो, डॉक्टरीणबाईंचा हात चालूच होता.

त्यांनी आलेख दाखवला. मी आयुष्यभर आलेखांना नावं ठेवली, आज मुकाट्याने बघितला. डावीकडून नीट चालत येतो आणि जिन्यावरून पाय घसरावा तसा खाली जातो. "कितीतरी वर्षं हेडफोन, नाही का काका? आणि बहुतेक उजव्या कानाला एकच धरून?" म्हटलं, हो, आम्ही तसंच करायचो. कानाच्या यंत्राने लोकांचं बोलणं पुष्कळ स्पष्ट होईल, बेल कळेल, असं म्हणाल्या. मी विचारलं, "राळ?" त्यांना राळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? तशीच्या तशी नाही यायची."

खोटं न सांगणाऱ्या माणसांचा मला आता आधार वाटतो. आधी पोरगी म्हणून हिणवलं होतं, त्याबद्दल माफी मागितली.

१ एप्रिल, मंगळवार

नवीन पद्धत. आकडे मी जुळवतो, ऐकते ही. कुठे टकटक किंवा खरखर आली तर बोट वर करते, मी ती जागा उघडून बघतो. ट्रेबलला हात लावलेला नाही. कशालाच हात लावलेला नाही. जसं होतं तसं.

मधेच हिला हसू आलं. म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही मला या खोलीत येऊ देत नव्हतात, चांगलं असतं की हे." म्हटलं, हो, चुकलंच माझं. थकवा आहेच, पण आज जेवण गेलं.

६ एप्रिल, रविवार

उद्या विद्यार्थी जमणार, म्हणून आज बाईंकडे गेलो. दोघं. जाताना ठरवलं होतं, सगळं सांगायचं. सांगितलं. सीडी मी टाकायला लावल्या, फाईली मी बिघडवल्या, प्रती हिच्यामुळे वाचल्या, आणि माझे कान गेलेत. हे शेवटचं वाक्य घराबाहेर पहिल्यांदाच बोललो. सून खाली बघत होती.

बाई म्हणाल्या, मोठ्याने, सुटं सुटं, "बोटं माझी गेली, कान तुमचे गेले. बरं झालं, आपण रेकॉर्डिंग आधी करून घेतलं."

त्यांना हसू आवरेना. मग मलाही.

सुनेने फाईल लावली. मला जेवढं येतं तेवढं आलं, थांबणं आणि सूर. ही माझ्या डावीकडे होती, पण आज मी तिच्या बोटाकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं. डोळे मिटलेले, मांडीवर ती आखडलेली बोटं, आणि उजवं मनगट किंचित हलत होतं, गज धरल्यासारखं. थांबणं, मनगट, सूर. थांबणं, मनगट, सूर. मग एका ठिकाणी मनगट हललं आणि सूर आला नाही, आणि बाई डोळे मिटूनच हसल्या.

"चुकला बघा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "राहू दे, बाई."

७ एप्रिल, सोमवार

यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. खुर्ची दारापासून उचलून खिडकीशी ठेवली आहे, तिच्या डावीकडे हिची.

सकाळी हिला विचारलं, समोरच्या झाडावर यंदा पक्षी आहेत का. म्हणाली, "अहो, पहाटेपासून डोकं उठवलंय त्यांनी."

फेब्रुवारीतली नोंद चुकीची आहे. पक्षी आहेत.